नभोवाणीची शाळा आणि खेड्याचा प्रश्न

शिक्षणाच्या क्षेत्रांत एखादें नवें यंत्र अवतरलें म्हणजे दोन भाकितें हटकून ऐकूं येतात. एक, आतां शिक्षकाची गरज संपली. दुसरें, आतां शिक्षणाचा सत्यानाश झाला. छापखाना आला तेव्हां, नभोवाणी आली तेव्हां, दूरदर्शन आलें तेव्हां, संगणक आला तेव्हां आणि ज्याच्या त्याच्या खिशांत फोन आला तेव्हांहि हीं भाकितें झालींच. तीं दोन्ही खोटीं ठरलीं हें सांगावयास कोणी मोठा पंडित नको. परंतु या यंत्रांचा इतिहास कोणी लिहावयास बसला कीं तो बहुधा नुसता यंत्रांचाच इतिहास होतो. अमुक सालीं अमुक केंद्र निघालें, अमुक सालीं उपग्रह उडाला, इतके संच वांटले, इतके तास कार्यक्रम झाले! शिकणाऱ्या माणसानें उलट काय विचारलें, आणि त्यानें विचारलेलें कोणाच्या कानीं गेलें कीं वाऱ्यावर विरलें, याची नोंद त्या इतिहासांत क्वचितच सांपडते. आम्हांस ती नोंदच अधिक मोलाची वाटते. आणि तिचा माग काढूं लागलें असतां दृष्टि प्रथम जाऊन ठरते ती १९५६ सालीं पुण्याच्या नभोवाणी-केंद्रानें केलेल्या एका प्रयोगावर. परदेशांतल्या शिक्षणविषयक ग्रंथांतून त्याचा उल्लेख वारंवार येतो. ज्या जिल्ह्यांत तो झाला तेथील माणसांच्या बोलण्यांत मात्र तो क्वचितच येतो.

त्या प्रयोगाकडे वळण्यापूर्वीं छापखान्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण मराठी शाळेंत शिरलेलें पहिलें यंत्र तेंच. पंतोजीच्या शाळेंत धुळपाटी होती, मोडी वळण होतें, घोकलेले पाढे होते. छापील पुस्तक नव्हतें. १८२२ सालीं मुंबईंत एतद्देशीयांच्या शाळा व शाळेचीं पुस्तकें यांसाठीं एक स्वतंत्र मंडळी स्थापन झाली, आणि पुढल्याच वर्षीं माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं शिक्षणाविषयींचें आपलें प्रसिद्ध टिपण लिहिलें. सदाशिव काशिनाथ तथा बापू छत्रे यांचीं ‘बाळमित्र’ व ‘इसापनीतिकथा’ हीं पुस्तकें १८२८ सालचीं. मुंबईंत छापलेलें एकच पुस्तक कोंकणांतल्या आणि देशावरच्या मुलाच्या हातीं पडूं लागलें ही गोष्ट लहान नव्हे. पण पुस्तक बोलतें, ऐकत नाहीं. मुलानें त्याला शंका विचारली तर तें मुकाट्यानें तेंच पान पुन्हां दाखवितें. छापखान्याला उलट बोलण्याची वाट फुटली ती ‘दर्पण’ १८३२ सालीं निघाल्यानंतर, आणि खरी रुंदावली ती १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकरा’ंत लोकहितवादींचीं पत्रें येऊं लागलीं तेव्हां. म्हणजे वाचणारा लिहूं लागेपर्यंत सव्वीस वर्षें गेलीं. हा हिशेब पुढें उपयोगी पडणार आहे.

नभोवाणी आमच्याकडे आली ती २३ जुलै १९२७ रोजीं, मुंबईस. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचें उद्घाटन झालें. कंपनी तीन वर्षांच्या आंतच बुडाली; सरकारनें कारभार हातीं घेतला आणि १९३६ सालीं त्या खात्यास ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. पुण्याचें केंद्र मात्र स्वातंत्र्यानंतरचें, २ ऑक्टोबर १९५३ चें. या मधल्या काळांत रेडिओ हा मुख्यतः शहरांतल्या दिवाणखान्याचा अलंकार होता. परवाना काढावा, संच घ्यावा, गाणें ऐकावें, बातम्या ऐकाव्या, आणि शेजाऱ्यास ऐकूं जाईल इतका आवाज मोठा ठेवावा, अशी ती संस्कृति होती.

खेड्याला ऐकण्याची संवय नव्हती असें मात्र कोणी समजूं नये. कीर्तनाच्या उत्तररंगांत मध्यरात्रीपर्यंत तल्लीन बसणारा आमचा शेतकरी हा कसलेला श्रोता होता. पण कीर्तनकार आणि नभोवाणीवरचा वक्ता यांत एक मोठें अंतर आहे. कीर्तनकाराला समोरचीं तोंडें दिसतात. कोणी पेंगूं लागला कीं तो झांजेचा ठेका वाढवितो, कोणाच्या कपाळावर आठी दिसली कीं दृष्टांत बदलतो, गांवच्या सावकाराचें नांव न घेतां सावकारावर एक चिमटा काढून पुढें जातो. बंद खोलींत, कांचेआड, हातांतल्या कागदावरून वाचणाऱ्या वक्त्याला यांतलें कांहींच शक्य नाहीं. खतावरचें त्याचें भाषण ऐकून श्रोते उठून गेले असले तरी तें ठरलेल्या मिनिटास ठरलेल्या वाक्यावर संपावयाचेंच.

ही उणीव ओळखून तिच्यावर तोड काढण्याचा विचार प्रथम झाला तो कॅनडांत. तेथील शेतकरी दूरदूरच्या वाड्यांवर एकाकी राहत. त्यांच्यासाठीं १९४१ सालीं तेथें शेतकऱ्यांचीं रेडिओ-मंडळें सुरू झालीं. शेजाऱ्यांनीं एका घरीं जमावें, आधीं पाठविलेलें पत्रक वाचावें, कार्यक्रम ऐकावा, त्यावर बोलावें आणि ठरेल तें करून पाहावें, अशी ती पद्धति होती. १९५६ सालीं युनेस्कोच्या साहाय्यानें तीच कल्पना आपल्याकडे आणावयाचें ठरलें, आणि जागा निवडली गेली ती पुणें केंद्राच्या टापूंतली. तेव्हांच्या मुंबई राज्यांतले पुणें, अहमदनगर (आजचें अहिल्यानगर), नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे पांच जिल्हे. त्यांतलीं सुमारें दीडशें गांवें. रविवार, १९ फेब्रुवारी १९५६ रोजीं पहिला कार्यक्रम झाला आणि गुरुवार, २६ एप्रिल रोजीं शेवटचा. दर रविवारीं आणि गुरुवारीं सायंकाळीं अर्धा तास, याप्रमाणें दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. प्रयोगाचा पसारा म्हणाल तर एवढाच.

आतां त्याची रचना पाहूं. प्रत्येक गांवीं सुमारें वीस जणांचें एक मंडळ होतें. त्याला एक निमंत्रक आणि एक चिटणीस. कार्यक्रमाच्या वेळेपूर्वीं सर्वांनीं जमावयाचें, अर्धा तास ऐकावयाचें, आणि मग संच बंद करून आपसांत बोलावयाचें. संच बंद करणें यावर आम्ही मुद्दाम जोर देतों. त्या काळीं गांवांत रेडिओ हें अपूर्वाईचें प्रकरण. तो सुरू असतां कान त्याच्याकडेच लागावयाचे. त्याचा कान पिळून तो गप्प केला, तेव्हां कोठें माणसें एकमेकांकडे पाहूं लागलीं. चर्चा संपली कीं चिटणीस तिचा गोषवारा लिहून काढी आणि ज्यांचें उत्तर गांवांत मिळालें नाहीं असे प्रश्न पुणें केंद्राकडे धाडी. त्यांतल्या प्रश्नांचीं उत्तरें पुढच्या कार्यक्रमांत दिलीं जात. म्हणजे कोल्हापूरकडच्या एखाद्या गांवीं गुरुवारीं रात्रीं कंदिलाच्या उजेडांत निघालेली शंका कांहीं दिवसांनीं त्याच गांवीं, त्याच पेटींतून उत्तर होऊन परत येई. आपला प्रश्न नभोवाणीवर ऐकूं येणें यांत त्या माणसांना काय वाटलें असेल तें वर्णन करून सांगण्याची जरूर नाहीं.

विषय शेतीचे होते, आरोग्याचे होते, शिक्षणाचे होते, ग्रामपंचायतीचे आणि सहकाराचेहि होते. कार्यक्रम करणारांनीं त्यांना व्याख्यानाचें रूप क्वचितच दिलें. संवाद, छोटी नाटिका, मुलाखत हीं त्यांचीं साधनें. नाटकवेड्या मराठी मुलखास तें मानवलें यांत नवल नाहीं.

या प्रयोगाची परीक्षाहि तितक्याच काळजीनें झाली. आणि आमच्या मतें प्रयोगाइतकीच ती संस्मरणीय आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे हें काम होतें. त्या वेळीं अमेरिकेंतून तेथें आलेले पॉल न्यूराथ हे समाजशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख होते. त्यांनीं गांवांच्या तीन तऱ्हा केल्या. एकींत मंडळ होतें. दुसरींत रेडिओ होता पण मंडळ नव्हतें. तिसरींत दोन्ही नव्हतीं. कार्यक्रमांपूर्वीं आणि कार्यक्रमांनंतर तेच प्रश्न विचारून लोकांचें ज्ञान किती वाढलें तें मोजलें. मंडळ असलेल्या गांवांत तें ठळकपणें वाढलें होतें. नुसता रेडिओ असलेल्या गांवांत जी वाढ दिसली ती अगदींच तोकडी. पेटी तीच, आवाज तोच, वेळहि तीच! मधें जें होतें तें एवढेंच, कीं एके ठिकाणीं वीस माणसें ऐकून झाल्यावर उठून गेलीं नाहींत.

न्यूराथ यांना आणखीहि एक गोष्ट दिसली, ती कोणी योजिलेली नव्हती. मंडळें हळूहळू गांवाच्या वतीनें निर्णय घेऊं लागलीं. विहिरी खोदल्या गेल्या, जातिवंत वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या विकत घेतल्या गेल्या, बालवाड्या निघाल्या. निरक्षर सभासद चर्चेंत मागें राहिले नाहींत; गांवच्या थोरामोठ्यांच्या बरोबरीनें ते बोलूं लागले. या मंडळांचें वर्णन करतांना फार गहिवरून जाण्याचेंहि कारण नाहीं. तीं मुख्यतः पुरुषांचीं होतीं. संध्याकाळीं साडेसहा वाजतां चुलीपुढें बसलेल्या बाईला श्रोता म्हणून कोणीं धरलें नव्हतें. शिवाय प्रयोग दहाच आठवड्यांचा होता, त्यावर देखरेख करणारे संघटक उत्साही होते, आणि आपल्याकडे कोणी पाहतें आहे ही जाणीव माणसाकडून नेहमींपेक्षां अधिक काम करून घेते. हें सारें वजा करूनहि जें उरतें तें थोडें नाहीं.

पुढें काय झालें? जें आपल्याकडे यशस्वी प्रयोगाचें होतें तेंच झालें; त्याची योजना झाली. १९५९ सालीं रेडिओ-मंडळें देशभर सुरू करण्याचें ठरलें आणि त्यांची संख्या हजारांत गेली. दीडशें गांवांना पुरणारे संघटक हजारों गांवांना कोठून पुरावे? बिघडलेला संच महिनोन् महिने दुरुस्तीची वाट पाहत पडूं लागला. प्रश्नांचीं पत्रें केंद्राकडे येत. पण इतक्या पत्रांना वेळच्या वेळीं उत्तरें द्यावयास माणसें आणि मिनिटें दोन्ही अपुरीं. उत्तर येत नाहीं असें दिसल्यावर चिटणीस लिहावयाचें थांबला, चिटणीस थांबल्यावर मंडळ थांबलें, आणि पुष्कळशीं मंडळें सरकारी तक्त्यांतच तेवढीं जिवंत राहिलीं. रेडिओ मात्र वाढत राहिला. ट्रान्झिस्टर स्वस्त झाला आणि चावडीवरची पेटी ज्याच्या त्याच्या औताच्या जुंवावर जाऊन लटकली. ऐकणारे वाढले, एकत्र ऐकणारे संपले.

याच सुमारास दूरदर्शनाचा विचार सुरू झाला होता. विक्रम साराभाई यांची कल्पना अशी, कीं मागासलेल्या देशानें पायरी पायरीनें चढत बसण्याचें कारण नाहीं. शहरांतून खेड्याकडे मनोरे बांधीत जाण्याऐवजीं आकाशांतूनच थेट खेड्यांत उतरावें. १८ सप्टेंबर १९६९ रोजीं भारताच्या अणुऊर्जा खात्याचा अमेरिकेच्या नासा या संस्थेशीं करार झाला. साराभाई १९७१ च्या डिसेंबरांत अकालीं वारले. पण काम थांबलें नाहीं. अहमदाबादेच्या केंद्राचे प्रमुख यश पाल आणि या प्रकल्पाचे व्यवस्थापक एकनाथ वसंत चिटणीस, हे दुसरे आपले मराठी गृहस्थ, यांनीं तें तडीस नेलें. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह १९७४ सालीं उडाला होता. तो १९७५ सालीं सरकवीत सरकवीत आफ्रिकेच्या पूर्वभागावर, भारत नजरेच्या टप्प्यांत येईल अशा जागीं आणून ठेवण्यांत आला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असें बरोबर एक वर्ष आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्यप्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारें २,४०० खेड्यांत त्याच्या द्वारें दूरदर्शन दिसलें. इंग्रजींतल्या लांबलचक नांवाचीं आद्याक्षरें जुळवून या प्रयोगास ‘साइट’ म्हणत.

त्या यंत्रणेचें कौतुक करावें तेवढें थोडें. छत्तीस हजार किलोमीटर उंचावरून आलेली लहर पकडावयास दहा फूट व्यासाची तबकडी लागे, आणि ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची केलेली होती. जेथें वीज नव्हती अशा कांहीं ठिकाणीं संच बॅटरीवर चाले. दिवसाचे चार तास. त्यांतला सकाळचा दीड तास शाळेंतल्या मुलांचा. हिंदी, कानडी, तेलुगु आणि उडिया या चार भाषांत तो वांटलेला, म्हणजे प्रत्येक भाषेच्या वांट्यास साडेबावीस मिनिटें. महाराष्ट्र या प्रयोगांत नव्हता. पण मुलांसाठीं विज्ञानाचे जे कार्यक्रम झाले त्यांतले बरेचसे मुंबईच्या कलागृहांत तयार झाले होते. प्राथमिक शाळांतल्या सुमारें पन्नास हजार शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचें शिक्षणहि याच उपग्रहानें दिलें, आणि आम्हांस विचाराल तर साऱ्या प्रयोगांत हाच भाग सर्वांत भरीव होता. कारण तेथें पडद्यासमोर शिक्षक एकत्र बसविलेले होते, त्यांच्या हातीं छापील पाठ होते, करून पाहावयास साहित्य होतें, आणि शंका विचारावयास एक जाणता माणूस जवळ होता. पुण्याच्या मंडळाचें तें दूरचें भावंडच म्हणावयाचें.

बाकीच्या खेड्यांत काय घडलें? पहिल्या दिवसांत शेंकडों माणसें लोटलीं. मग गर्दी ओसरून एका संचापुढें शंभराच्या आसपास माणसें नेमानें बसूं लागलीं. त्यांत बायका होत्या, मुलें होतीं, ज्यांना चावडींत कोणी बसूं देत नसे अशीं माणसेंहि होतीं. आरोग्याविषयींची माहिती ज्यांची अधिक वाढली त्यांत बायका आणि निरक्षर माणसें प्रामुख्यानें होतीं, असें पाहणी करणारांना आढळलें. पुण्याच्या मंडळांनीं जिला वगळलें होतें ती बाई येथें पुढें आली, हें या प्रयोगाचें श्रेय निःसंशय मोठें आहे. मुलांची भाषा सुधारली, कुतूहल वाढलें. मात्र शाळेंत नांव घालणाऱ्यांची संख्या किंवा मधेंच शाळा सोडणाऱ्यांची संख्या यांत कांहीं फरक पडल्याचें दिसलें नाहीं. गुरें राखावयास जाणारें पोर साडेबावीस मिनिटांचें चित्र पाहून घेई आणि पुन्हां गुरांमागें जाई. त्याला शाळा कां सुटली हें विचारणारी सोय त्या तबकडींत नव्हती. ती तबकडी फक्त घेणारी होती, देणारी नव्हती.

त्याच काळांत गुजराथेंतल्या खेडा जिल्ह्यांत, पीज या गांवीं, एक लहानसें प्रक्षेपण-केंद्र चाललें होतें. अहमदाबादच्याच अवकाश-केंद्राच्या मंडळींनीं तें चालविलें. सुमारें चारशें गांवांना तें पुरे. येथें मात्र कार्यक्रम करणारे स्वतः खेड्यांत जाऊन राहत, तेथल्याच बोलींत लिहीत, गांवकऱ्यांनाच कॅमेऱ्यापुढें उभे करीत. शेतमजुराला मिळणारी मजुरी, अस्पृश्यता, दारू, हुंडा हे विषय त्यांनीं धरले, आणि गांवकऱ्यांचीं गाऱ्हाणीं त्यांच्याच तोंडून ऐकविलीं. जमीनमालकांना तें रुचलें नाहीं हें उघड आहे. युनेस्कोनें १९८४ सालीं ग्रामीण दळणवळणाबद्दलचें आपलें पारितोषिक खेड्याला दिलें, तें केवळ यंत्राकरितां खास नव्हे. खर्चाच्या आणि उंचीच्या दृष्टीनें पाहिलें तर आकाशांतल्या उपग्रहापुढें पीजचा मनोरा म्हणजे बुजगावणें. पण त्या बुजगावण्याला कान होते.

यानंतरचा काळ थोडक्यांत आटोपतां येईल. इन्सॅट-१ बी हा आपला स्वतःचा उपग्रह १९८३ सालीं कामास लागल्यावर शैक्षणिक कार्यक्रम करण्यासाठीं सहा राज्यांत संस्था निघाल्या. त्यांतली महाराष्ट्राची ‘बालचित्रवाणी’ पुण्यांत १९८४ च्या जानेवारींत सुरू झाली. मराठी मुलांसाठीं तिनें हजारों कार्यक्रम केले, आणि आज चाळिशी-पन्नाशींत असलेल्या पुष्कळांच्या कानांत तिचें सूचक गीत अजून घुमत असेल. परंतु ते कार्यक्रम दाखविले जात त्या वेळीं शाळेंत संच चालू आहे कीं कपाटांत कुलुपांत आहे, हें पुण्याला कळण्याचा मार्ग नव्हता. मोलाची वस्तु मुलांच्या हातून फुटूं नये म्हणून ती मुलांपासून दूर ठेवावी, ही मुख्याध्यापकाची सावधगिरी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. अनुदान आटलें, देणीं थकलीं आणि २०१७ सालीं ही संस्था बंद झाली.

दरम्यान २० सप्टेंबर २००४ रोजीं केवळ शिक्षणासाठीं म्हणून एक उपग्रह उडाला. त्याचें नांवच एज्युसॅट. प्रारंभींच्या प्रयोगांत नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा समावेश होता. येथें विद्यार्थ्यास उलट बोलण्याची सोय झाली: दूरच्या केंद्रावर बसलेला मुलगा प्रश्न विचारी आणि शिकविणारा तत्काळ उत्तर देई. १८२२ नंतर छापखान्याला जें सव्वीस वर्षांनीं साधलें, १९५६ त टपालानें जें कांहीं दिवसांत साधलें, तें येथें एका क्षणांत साधलें. असें असून २०१० सालीं तो उपग्रह निवृत्त होईपर्यंत त्याचा उपयोग अपेक्षेच्या मानानें थोडाच झाला. जमिनीवरचीं यंत्रें बिघडून पडलीं होतीं, नेमलेलीं माणसें बदलून गेलीं होतीं. वाट होती, वाटेवर कोणी नव्हतें.

मग २०२० चा मार्च आला आणि महामारीनें देशांतल्या साऱ्या शाळा एकदम बंद केल्या. आमच्यासारख्या घरांतून मुलांपुढें संगणक ठेवला गेला. एका चौकटींत शिक्षक आणि भोंवतीं चाळीस लहान चौकटी. त्या चौकटींत मुलें होतीं असें आपण धरून चाललों. पुष्कळांनीं आपलें चित्र बंद करून ठेवलेलें असे, आणि शिक्षक कीर्तनकाराचें तें जुनें सुख गमावून कांचेआडच्या वक्त्याच्या पंगतीस जाऊन बसला होता. ज्या घरांत एकच फोन आणि तोहि बापाबरोबर कामावर जाणारा, त्या घरांतल्या मुलापुढें चौकटहि नव्हती. त्याच वर्षीं जुलै महिन्यापासून सह्याद्रि वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठमाला सुरू झाली, आणि ज्यांच्याकडे फोन नव्हता पण दूरदर्शन होतें अशा मुलांना तिचा आधार झाला हें कृतज्ञतेनें म्हटलें पाहिजे. तिच्या कर्त्यांनीं घरांतल्याच वस्तु घेऊन घरच्या माणसांबरोबर करावयाचे खेळ तींत घातले, त्यांत आम्हांस १९५६ च्या मंडळाचा वास येतो. संच बंद केल्यावर जें चालतें तें शिक्षण, हें त्यांस उमगलें होतें.

आतां तर विचारलेल्या कोणत्याहि प्रश्नाला तत्काळ उत्तर देणारें यंत्र मुलाच्या हातीं आलें आहे. उलटी वाट पूर्णपणें खुली झाली, मग तक्रार कसली, असें कोणी म्हणेल. तें यंत्र उपयोगी आहे, आणि ज्याच्या घरीं शिकवणी लावण्याची ऐपत नाहीं अशा मुलाला तें वरदान ठरूं शकेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण १९५६ त त्या गांवकऱ्याचा प्रश्न केंद्राकडे जाण्यापूर्वीं आणखी एका ठिकाणीं जात होता. तो प्रथम एकोणीस शेजाऱ्यांपुढें मांडला जाई. त्यांतला एकजण म्हणे, माझ्या रानांत हें करून पाहिलें, जमलें नाहीं, दुसरा म्हणे, तुझी जमीन चोपण आहे, तिसरा हंसे. यांत प्रश्न घासून निघे, आणि कधीं कधीं पुण्यास पाठविण्याची गरजच उरत नसे. विहीर खोदली गेली ती उत्तर मिळाल्यामुळें नव्हे. खोदावयास तयार झालेलीं माणसें उत्तर ऐकतांना एकाच घोंगडीवर बसलेलीं होतीं म्हणून. एकट्यानें विचारलेल्या आणि एकट्यानेंच ऐकलेल्या उत्तराचें पुढें काय होतें, हें पाहण्यास न्यूराथ यांच्यासारखीच गांवांची तीन प्रकारांत वांटणी करून, तितक्याच चिकाटीनें, कोणीं तरी बसावयास हवें आहे. तसें काम एखाद्या मराठी विद्यापीठानें हातीं घेतलें तर सामग्री तयार आहे: फोन असलेल्या शाळा आहेत, फोन नसलेल्या आहेत, आणि जेथें एखादा शिक्षक मुलांना एका फोनभोंवतीं बसवून नंतर तो पालथा ठेवावयास लावतो अशाहि आहेत.

२०२० त पालघर जिल्ह्यांतल्या कांहीं आदिवासी पाड्यांवर निराळाच प्रकार चालला होता. तेथें फोनला लहर मिळत नव्हती, आणि मिळाली असती तरी फोन नव्हते. तेव्हां कांहीं तरुण कार्यकर्ते आधीं ध्वनिमुद्रित केलेले धडे आणि एक कर्णा घेऊन पाड्यापाड्यांवर फिरूं लागले. मुलें झाडाखालीं अंतर राखून बसत, कर्णा कविता म्हणे, मुलें मागून म्हणत. धडा आधीं मुद्रित केलेला. कर्ण्याला कांहीं विचारून उपयोग नव्हता. पण कर्णा उचलून आणणारा तरुण तेथेंच बाजूस उभा असे.